आजार सुरू व्हायच्या आत संपणारे सिनेमे

'थ्री ऑफ अस' सुंदर सिनेमा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे भांडायला मोकळा. अविनाश अरुणचा कॅमेरा वेंगुर्ल्याचं पोस्टकार्ड करत नाही. शेफाली शाह रडायच्या जागी नुसती थांबते आणि आपल्याला रडवते. कविता करणारा, भरतकाम करणारा बँक मॅनेजर प्रदीप कामत (जयदीप अहलावत) बघून आमच्या ग्रुपवर आठवडाभर 'असा माणूस कुठे मिळतो' एवढीच चर्चा होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा सिनेमा थिएटरात आला, पण माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी तो नंतर मोबाइलवर पाहिला. रात्री, हेडफोन लावून. आणि सकाळी स्टेटस टाकलं: 'डिमेन्शियावर इतकं हळुवार काही पाहिलं नव्हतं.'

माझं भांडण या स्टेटसशी आहे. हळुवार आहेच, कारण डिमेन्शिया त्यात अजून आलेलाच नाही.

शैलजा देसाईला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. मुंबईच्या कोर्टातली नोकरी ती सोडते, नवऱ्याला घेऊन कोकणात जाते, लहानपणची शाळा बघते, जुन्या मित्राला भेटते, एक जुनं दुःख उकरून काढते. शेवटाकडे जत्रेतला आकाशपाळणा. मग नावं वर सरकू लागतात आणि आपण उसासा टाकतो. या सगळ्यात तिच्या हातून जे विसरलं जातं ते एखाद्या बाजूच्या सुरासारखं येतं आणि जातं. तिची गोष्ट खरी सुरू होणार ती मुंबईला परत गेल्यावर. तिसऱ्या वर्षी, पाचव्या वर्षी. तिथे कॅमेरा नाही.

तुम्ही म्हणाल, सिनेमाला कुठेतरी संपावं लागतंच. लागतं ना. पण सगळ्यांनी एकाच स्टेशनवर उतरायचं ठरवलं असेल तर पुढच्या गावाबद्दल शंका यायला हवी.

आधी शब्दाचं बोलू. पासष्टीच्या आत येणाऱ्या डिमेन्शियाला डॉक्टर 'अर्ली ऑनसेट' किंवा 'यंग ऑनसेट' म्हणतात. मराठीत याला शब्द नाही. आपल्याकडे 'म्हातारचळ' आहे, 'साठी बुद्धी नाठी' आहे. म्हणजे विसरायचा परवाना साठीनंतर मिळतो. त्याआधी विसरणाऱ्याला आपण काय म्हणतो? वेंधळा. धांदरट. 'याचं लक्ष कुठंय?' 'हिला हल्ली संसारात रस नाही.' पंचेचाळिशीच्या बाईने दोनदा मीठ घातलं तर ते मेनोपॉज, पुरुषाने रस्ता चुकवला तर ते टेन्शन किंवा दारू. आजार दिसायच्या आधी स्वभाव दिसतो, आणि एकदा स्वभाव ठरला की डॉक्टरकडे कोण नेणार? (आणि न्यायलाच हवं. कधी नुसतं बी-१२ कमी असतं, कधी थायरॉइड असतं, आणि औषधाने माणूस पुन्हा ताळ्यावर येतो. पण त्यासाठी आधी कुणाला तरी 'हा स्वभाव नाही' असं वाटावं लागतं.)

आकड्यांचंही तेच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने भारतात साठ आणि त्यापुढच्या वयाच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज दिला. महत्त्वाचा अभ्यास आहे, खेड्यांपासून शहरांपर्यंत फिरून केलेला. पण त्याची अट वाचा: साठ आणि पुढे. शैलजा त्या ८८ लाखांत नाही. तिला मोजायलाच कुणी गेलेलं नाही.

आता एक गोष्ट सांगतो, सिनेमातली नाही. माझ्या आधीच्या कंपनीत आमच्या मजल्यावर एक सीनियर होते. वय ४६. आयटीत चाळिशी ओलांडली की माणूस काका होतोच, तसे तेही सगळ्यांचे काका होते. डेटाबेसचा माणूस. कुठली क्वेरी का रांगतेय हे नुसती बघून सांगायचे. मी त्यांच्या टीममध्ये नव्हतो, पण अडलं की सगळे त्यांच्याकडेच जायचे, तसा मीही जायचो. मग त्यांनी एकच बग दोनदा सोडवला, दोन वेगळ्या तऱ्हांनी, दहा दिवसांच्या अंतराने, आणि पहिला आपणच सोडवला होता हे त्यांना पटेना. सकाळच्या मीटिंगमध्ये तोच प्रश्न पुन्हा यायला लागला. मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठ्या वाढत गेल्या. आमची बसायची जागा दुसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर गेली, तेव्हा ते महिनाभर रोज दुसऱ्यावर उतरायचे. पोरं हसायची. काका स्वतःही हसायचे.

मग त्यांना 'पिप' लागला. परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन. साठ दिवसांत सुधारा. त्यातले मुद्दे त्यांनी मला नंतर दाखवले होते: बारकाव्यांकडे लक्ष नाही, दिलेली मुदत पाळत नाहीत, सांगितलेलं पुन्हा सांगावं लागतं, जबाबदारी घेत नाहीत. हाच कागद न्यूरॉलॉजिस्टसमोर ठेवला असता तर त्याने लक्षणांची यादी म्हणून वाचला असता. एचआरने तो गुणपत्रक म्हणून वाचला. काकांनी साठ दिवस पुरे व्हायच्या आत राजीनामा दिला, केक कापला गेला, आणि पाच महिन्यांनी निदान झालं. तोवर कंपनीचा आरोग्य विमा ओळखपत्रासोबत जमा झालेला. नवा विमा घ्यायचा तर फॉर्मवर पहिलाच प्रश्न: आधीचे आजार?

'स्टिल ॲलिस' या सिनेमात नेमका हाच सीन आहे. ॲलिस हाउलंड, कोलंबिया विद्यापीठात भाषाशास्त्राची प्राध्यापक, वय पन्नास. विभागप्रमुख तिला बोलावून विद्यार्थ्यांचे अभिप्राय दाखवतो: शिकवणं विस्कळीत झालंय, काय चाललंय कळत नाही. ती आजार सांगते. आणि नोकरीचा विषय संपतो. काही मिनिटांत. मला तो सिनेमा त्या काही मिनिटांत हवा होता. खोलीच्या त्या बाजूला बसलेला माणूस काय विचार करत होता? तिला दोन तास कमी शिकवू देता आलं असतं का? सोबत कुणी सहायक? कोण ठरवतं, की आजपासून तू प्राध्यापक नाहीस, फक्त पेशंट आहेस? सिनेमाला तिथे थांबायचं नाही. त्याला पुढे समुद्राकाठच्या घरात जायचंय.

तरी 'स्टिल ॲलिस'ला मी जरा जास्त मार्क देतो. एक दिग्दर्शक रिचर्ड ग्लॅट्झर याला स्वतःला एएलएस होता. बोलता येत नव्हतं, टॅबलेटवर टाइप करून त्याने दिग्दर्शन केलं. ज्युलियन मूरला फेब्रुवारी २०१५ मध्ये ऑस्कर मिळालं आणि पुढच्याच महिन्यात तो गेला. शरीर साथ सोडत असताना काम करत राहणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, आणि ते काही ठिकाणी दिसतं. ॲलिस फोनमध्ये स्वतःसाठीच प्रश्न लावून ठेवते: मोठ्या मुलीचं नाव काय, आपण कुठे राहतो. आणि ज्या दिवशी उत्तरं येणार नाहीत त्या दिवसासाठी एक व्हिडिओ. पुढे तो व्हिडिओ तिला सापडतो तेव्हा स्वतःनेच दिलेली सूचना जिना चढेपर्यंत तिच्या डोक्यात टिकत नाही. पुन्हा खाली, पुन्हा व्हिडिओ. शेवटी ती लॅपटॉपच हातात धरून वर जाते. मी पाहिलेल्या या विषयावरच्या सगळ्या सिनेमांत हा सर्वात खरा सीन आहे. त्यात संगीताने भरून काढण्यासारखं काही नाही. सूचना आहे, ती चालवणारी मेमरी नाही, एवढंच.

पण ॲलिस प्राध्यापक का? आपल्या 'अस्तु'मधले शास्त्री संस्कृतचे पंडित. 'मैंने गांधी को नहीं मारा'मधला बाप हिंदीचा निवृत्त प्राध्यापक. 'आयरिस' तर कादंबरीकार आयरिस मरडॉकवरच. (यातले काही वृद्धापकाळातले, पण खोड तीच.) जणू हरवण्याची किंमत आधी साठवलेल्या विद्वत्तेवर ठरते. ज्याच्या डोक्यात मोठी लायब्ररी त्याची आग बघण्यासारखी. मग भाजीचा हिशेब, सासूच्या गोळ्यांच्या वेळा, तीन पोरांचे डबे आणि लोकलचं टाइमटेबल डोक्यात ठेवणाऱ्या बाईचं काय? ती काही कमी साठवते का? तिच्या विसरण्यावर सिनेमा निघत नाही, कारण तिला एवढं सगळं आठवत होतं हेच आपल्या लक्षात आलेलं नसतं.

गंमत अशी की या आजाराची सुरुवात प्राध्यापकापासून झालेलीच नाही. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात अलॉइस अल्झायमरसमोर आली ती आउगुस्टे डेटर. वय ५१. रेल्वेतल्या कारकुनाची बायको. १९०६ मध्ये ती गेली, त्याने तिच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, आणि १९१० मध्ये क्रेपेलिनच्या पाठ्यपुस्तकात या आजाराला त्याचं नाव लागलं. म्हणजे ज्याला आपण म्हाताऱ्यांचा आजार म्हणतो त्याची पहिली नोंद एका पन्नाशीतल्या गृहिणीची आहे. नाव डॉक्टरचं लागलं, हे काही नवीन नाही.

जगात तरुण वयातल्या अल्झायमरचा सगळ्यात मोठा ज्ञात गोतावळा कुठे आहे? कोलंबियात. ॲलिसच्या विद्यापीठात नाही, देशात. अँटिओकिया प्रांताच्या डोंगराळ गावांतली शेतकरी घराणी. फ्रान्सिस्को लोपेरा या न्यूरॉलॉजिस्टने १९८० च्या दशकापासून ही घराणी गावोगाव फिरून शोधली. प्रेसेनिलिन-१ या जनुकातला एक बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेला. ज्यांच्यात तो आहे त्यांचं विसरणं चव्वेचाळिशीच्या आसपास सुरू होतं. आई किंवा वडील यांच्यात असेल तर मुलात यायची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. ॲलिसच्या सिनेमातही हाच जनुक आहे. मोठी मुलगी चाचणी करते, तिच्यात निघतो. धाकटी म्हणते मला जाणून घ्यायचंच नाही. तिथे मात्र सिनेमा खरोखर धारदार होतो, आणि लगेच पुढे सरकतो. (घाबरू नका. अल्झायमरच्या सगळ्या रुग्णांत असा सरळ वारशाने आलेला एक टक्काही नसतो.)

आता 'हळुवार'कडे परत येतो. तरुण वयातल्या डिमेन्शियाचा एक मोठा प्रकार म्हणजे फ्रंटोटेम्पोरल. ब्रूस विलिसला तो झाल्याचं त्याच्या कुटुंबाने २०२३ मध्ये जाहीर केलं. यात बऱ्याचदा आधी स्मृती जात नाही, आधी लाज जाते. शांत माणूस शिव्या देतो. दुकानातून वस्तू उचलतो. मुलीच्या मैत्रिणीसमोर नको ते बोलतो. आई वारली तरी जेवण मागतो. वरून त्याला स्वतःत काहीही बिघडलंय असं वाटत नाही. यात कवितेला जागा कुठून काढणार? सिनेमातला डिमेन्शिया नेहमी सभ्य असतो. रुग्ण खिडकीतून बाहेर बघतो, केस छान विंचरलेले असतात, आणि विसरतो ते नेमकं काळीज पिळवटेल एवढंच. नवराही समंजस. दीपांकर तर बायकोच्या जुन्या प्रेमासमोर बाजूला बसायला तयार. ('यू मी और हम' मधल्या नवऱ्याने निदान बायकोला संस्थेत ठेवायचा करंटेपणा एकदा केला, मग पश्चात्ताप करून आणलं. तेवढं तरी माणसासारखं वागला.)

दीपांकर विम्याच्या धंद्यातला आहे, हे मला पूर्ण सिनेमाभर टोचत राहिलं. या घरात निदानानंतर पहिली भांडणं कशावरून होतील ते त्याच्याइतकं कुणाला कळणार? समजा शैलजाच्या एकटीच्या नावावर खातं आहे. समजा घर तिच्या नावावर आहे. वकील सांगतो, मुखत्यारपत्र करून घ्या. करून घेतलं. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ म्हणतं, की मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की ते अधिकार संपतात. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो रद्दी. मग पालकत्व मागायला कोर्टाच्या पायऱ्या. जिने आयुष्यभर कोर्टात दुसऱ्यांचे कागद हाताळले तिचा कागद आता कोर्टात. यात नाट्य नाही म्हणता?

आणि ती नोकरी का सोडते, हेही कुणी विचारत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०, पोटकलम ४: सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं, तेही नसेल तर निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून. या कायद्याच्या परिशिष्टात पार्किन्सनचं नाव आहे, डिमेन्शियाचं नाही. पण मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचं भान हे दोन्ही शब्द आहेत. भांडायला जागा आहे. आमच्या काकांना तीही नव्हती, ते खासगी कंपनीत होते.

माझी एक मैत्रीण हे सगळं ऐकून म्हणाली, 'तुला सिनेमा नकोय, आरोग्य खात्याचं माहितीपत्रक हवंय.' आक्षेप जोरदार आहे, आणि चुकीचा आहे. मला नाटकच हवंय. जपानचा 'मेमरीज ऑफ टुमॉरो' (२००६) बघा. केन वातानाबे जाहिरात कंपनीतला दणकट बॉस, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. रोजच्या शहरात क्लायंटकडे जाताना रस्ता हरवतो आणि ऑफिसातली ज्युनियर फोनवरून त्याला वाट सांगते. तो नोकरी सोडतो तेव्हा टीममधली माणसं आपापले फोटो त्याच्या हातात देतात, नावं लिहून. बायको कामाला लागते. घरात पैसा कोण आणतो ते बदलतं आणि त्यासोबत आवाजाची पट्टी बदलते. किंवा मल्याळम 'तन्मात्रा' (२००५). मोहनलाल तिरुवनंतपुरमच्या सचिवालयातला कर्मचारी, मुलाला आयएएस करायचं स्वप्न बघणारा. त्याचा आजार फुटतो तो ऑफिसात, सहकाऱ्यांच्या देखत, आणि सिनेमा नजर वळवत नाही. दोन्ही सिनेमे धंदेवाईक आहेत, रडके आहेत, संगीत बदाबदा ओततात. पण ते ऑफिसच्या दारात थांबतात, घरात शिरतात, दुसऱ्या वर्षापर्यंत जातात. वीस वर्षांपूर्वी. माहितीपत्रक नव्हतेच ते.

आणि 'अस्तु'मध्ये अमृता सुभाषची चन्नम्मा आहे. माहुताची बायको, कन्नड बोलणारी, शास्त्र्यांचा एक श्लोकही न कळणारी. ती त्या हरवलेल्या म्हाताऱ्याला लेकरासारखं जेवू घालते, साफ करते. तिला त्याचा भूतकाळ माहीतच नाही, त्यामुळे तो हरवल्याचं दुःखही नाही. समोर एक भुकेला माणूस आहे. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांना ते दिसलं. इतरांना अजून प्राध्यापकाच्या पुस्तकांच्या कपाटापलीकडे दिसत नाही.

राहिला आमच्या धंद्याचा भाग, आणि यावर मला कुणीतरी सिनेमा काढलेला बघायचाच आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी गेल्या दहा वर्षांत असं जग बांधलं की त्यात आठवणं म्हणजेच ओळख. पासवर्ड आठवा. पिन आठवा. तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय? ओटीपी आला, तो या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर डोक्यात धरून न्या, तीस सेकंद, एकोणतीस, अठ्ठावीस. चुकलात? तीनदा चुकलात? खातं चोवीस तास बंद. दर दोन महिन्यांनी बटणाची जागा बदला, कारण डिझायनरला प्रमोशन हवंय. शैलजाने वेंगुर्ल्याला जाऊन पहिली शाळा बघितली ते फार काव्यमय होतं. मुंबईत तिला त्या शाळेचं नाव बँकेच्या ॲपमध्ये टाइप करायचंय, आणि त्याच स्पेलिंगमध्ये.

काकांच्या घरी मी अधूनमधून जातो. काकू आता घरून डबे करतात. मागच्या वेळी गेलो तेव्हा काका फोन हातात घेऊन बसले होते, वीजबिल भरत होते. ओटीपी बघायला मेसेजमध्ये जायचे, परत येईपर्यंत ॲपने बाहेर काढलेलं असायचं. पुन्हा सुरुवात. चार वेळा. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'अहो, राहू द्या, मी भरते.' ते म्हणाले, 'थांब, माझा कोड बरोबर आहे, यांचं टाइमआउट चुकलंय.' डेटाबेसचा माणूस. निदान बरोबर होतं.

सध्या मी ज्या प्रॉडक्टवर काम करतो त्यातही हेच टाइमआउट आहे. दुसऱ्या दिवशी मी तिकीट टाकलं: ज्यांना हवं त्यांना वेळ वाढवून द्यावा, मधेच बाहेर काढू नये, भरलेली माहिती पुसू नये. काम फार तर तीन दिवसांचं. त्यावर प्रॉडक्ट मॅनेजरने विचारलं, 'असे युजर किती आहेत? आकडा दे.' आकडा साठीच्या पुढचाच मिळतो, हे मी त्याला लिहिलं. तिकीट अजून उघडं आहे. प्राधान्य: चार. पाचाच्या खाली आमच्याकडे काही नसतं.